मालवणच्या पाण्यात मनगटावरचे घड्याळ

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवछत्रपतींनी 1664 मध्ये ज्याची पायाभरणी केली, तो हा जलदुर्ग. एका पिढीपूर्वी येथे येणारी वडीलधारी मंडळी होडीने किल्ल्यात जात, शिवराजेश्वराचे दर्शन घेत, आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून चकित होत आणि दुपारी मासळीचे जेवण व सोलकढी घेऊन परतत. आज त्याच धक्क्यावर दुसरीही एक लगबग दिसते. काळे रबरी पोशाख वाळत घातलेले असतात, हवेच्या टाक्या होड्यांत चढवल्या जात असतात आणि नातवंडे आजोबांचा हात धरून म्हणत असतात, ‘तुम्हीही चला ना पाण्याखाली!’

वाचकहो, हे आमंत्रण आपल्यालाही कधी ना कधी येईल. या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, त्यांच्याभोवती रंगीत मासे आहेत. सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षित वाटाड्या हात धरून काही मीटर खाली नेतो आणि ते जग दाखवतो. साठी-सत्तरी ओलांडली म्हणून ते पाहण्याची इच्छा मावळावी, असे कोणी सांगितले आहे?

पण घरात या इच्छेवरून वाद होतो. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुमच्या छातीत स्टेंट आहे.’ बाबा म्हणतात, ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलेच आहे की.’ आणि मग तोडगा निघतो तो मनगटावरच्या घड्याळाचा. वाढदिवसाला भेट मिळालेले ते स्मार्टवॉच नाडी मोजते, आपण कोठे आहोत ते नकाशावर दाखवते; त्यातील काही महागडी घड्याळे तर पाणबुड्यांचा डाइव्ह कॉम्प्युटर म्हणूनही काम करतात. ‘घड्याळ घालून जा, म्हणजे आम्हाला होडीत बसून सगळे कळेल,’ असे म्हणून सर्वांचे समाधान होते. हे समाधान कितपत खरे आहे, ते धक्क्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर आपण तपासून पाहू.

धक्क्यावर

पहिली गोष्ट घड्याळाच्या पाठीवर कोरलेली असते. ‘50 मीटर’ किंवा ‘5 एटीएम’ असे लिहिलेले घड्याळ पन्नास मीटर खोल नेता येते, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. हा आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. असे घड्याळ तलावात पोहण्यासाठी ठीक, पण टाकी पाठीवर बांधून खाली जाण्यासाठी नव्हे. पाणबुड्यांच्या उपकरणांसाठी ‘ईएन 13319’ हे वेगळे मानक आहे. गार्मिनची डिसेंट मालिका किंवा 2022 मध्ये आलेले अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ही घड्याळे खोली मोजण्यासाठीच बनवलेली आहेत. आपल्या मनगटावर नेमके काय आहे, हे मालवणला निघण्यापूर्वी घरीच पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट कागदावरची. पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या अशा प्रश्नावलीत वय 45 च्या पुढे आहे काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला असतो आणि ‘होय’ असेल तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घराण्यातील हृदयविकार यांची चौकशी येते. उत्तरांत एक जरी ‘होय’ निघाले, तरी डॉक्टरांची लेखी संमती हवी, असा त्या कागदाचा अर्थ असतो. पर्यटनाच्या गर्दीत हा कागद होडी सुटण्याच्या घाईत, गुडघ्यावर ठेवून भरला जातो. ‘गोळ्या चालू आहेत असे लिहिले तर नेणार नाहीत’ या भीतीने काही ज्येष्ठ ती ओळ कोरी सोडतात. ही कोरी ओळ कोणतेही घड्याळ भरून काढू शकत नाही. म्हणून तो कागद आदल्या दिवशी मागून घ्यावा, शांतपणे भरावा, आणि त्याही आधी, गावाहून निघण्यापूर्वी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ‘मी पाण्याखाली जाऊ का?’ असा थेट प्रश्न विचारावा. पेसमेकर असेल तर तो किती दाबापर्यंत सुरक्षित आहे, हेही विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचा उल्लेख आवर्जून करावा, आणि सहलीसाठी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

होडीत

होडी किल्ल्याच्या कडेने निघते. ऊन डोक्यावर असते, अंगावर रबरी पोशाख असतो, डिझेलचा वास आणि लाटांचा हेलकावा असतो. येथे घड्याळ अजून हवेत आहे आणि आपले काम नीट करीत आहे. पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसल्यानंतरही नाडी नेहमीपेक्षा पुष्कळ वर असेल, किंवा छातीत जड वाटत असेल, तर पाण्यात उतरूच नये. ‘पैसे भरले आहेत’ हे उतरण्याचे कारण होऊ शकत नाही.

याच वेळी कवळी काढून घरच्या माणसाकडे द्यावी, कारण तोंडातील नळी दातांत घट्ट धरावी लागते आणि सैल कवळी घशाकडे सरकू शकते. श्रवणयंत्र काढून ठेवावे. सर्दी असेल तर बेत रद्द करावा. खाली जाताना कानातील दाब नाक धरून, हलकेच हवा ढकलून सारखा करावा लागतो आणि चोंदलेल्या नाकाने ते जमत नाही. हातांच्या खुणा नीट शिकून घ्याव्यात. आपण एरवी ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ हे सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करतात. ज्येष्ठांकडून ही गफलत हमखास होते.

पाण्याखाली: आपण कोठे आहोत?

आता आपण पाण्यात उतरलात. होडीत बसलेली मुलगी फोनवर बाबांचा निळा ठिपका पाहत आहे. ठिपका स्थिर आहे, म्हणून ती निश्चिंत आहे.

तो ठिपका स्थिर राहण्याचे कारण वेगळेच आहे. घड्याळाला आपली जागा कळते ती उपग्रहांच्या रेडिओसंकेतांवरून, आणि हे संकेत समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरून जातात. फोनशी बोलण्याचा घड्याळाचा मार्ग, म्हणजे ब्लूटूथ, तोही रेडिओलहरींचाच. त्याचीही तीच गत. म्हणजे मनगट पाण्याखाली गेले की उपग्रहाशी आणि होडीशी असलेला घड्याळाचा संबंध तुटतो. डाइव्ह कॉम्प्युटर पाण्यात शिरल्याची जागा व बाहेर आल्याची जागा नोंदवतो. मधला प्रवास त्याला दिसत नाही. काही महागडे संच पाण्याखाली रेडिओऐवजी ध्वनिलहरी वापरतात, पण ते दोन पाणबुड्यांच्या उपकरणांतील संभाषण असते, होडीतल्या फोनशी नव्हे.

मग होडीतल्या माणसाने काय पाहावे? पाण्याचा पृष्ठभाग पाहावा. हवेचे बुडबुडे जेथे सलग वर येत आहेत, तेथे खाली कोणी श्वास घेत आहे. वाटाड्याने दोरीला बांधून वर सोडलेला रंगीत फुगा असेल, तर त्यावर नजर ठेवावी. मालवणच्या होडीवाल्यांची नजर या कामात तयार असते. बुडबुडे कोणत्या दिशेने सरकत आहेत, प्रवाह कोठे ओढत आहे, हे ते बोलता बोलता टिपत असतात. त्यांच्या शेजारी बसावे, आणि फोन पिशवीत ठेवावा.

पाण्याखाली: नाडी काय सांगते?

घड्याळ नाडी मोजते ते प्रकाशाने. त्याच्या पोटातील हिरवा दिवा त्वचेवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणाऱ्या प्रकाशात जो चढउतार होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. कोरड्या, उबदार, स्थिर मनगटावर ही युक्ती उत्तम चालते. पाण्यात मात्र पट्टा आणि त्वचा यांच्यामध्ये पाणी शिरते. हात हलत राहतो. अंग गार पडू लागले की हातापायांकडील रक्तवाहिन्या आकसतात आणि मनगटावरचा संकेत क्षीण होतो. घड्याळ रबरी बाहीवर बांधले असेल, तर त्वचेशी संबंधच उरत नाही. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत पकडतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. पण त्याची नोंदही बहुधा वर आल्यावरच वाचता येते.

समजा, आकडा अचूक मिळाला. तरी त्याचा अर्थ लावणे सोपे नाही. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला गेला की हृदयाची गती आपोआप मंदावते; सील आणि देवमाशांपासून माणसापर्यंत ही शरीराची जुनी सवय आहे. उलट भीती वाटली की गती वाढते. दोन्ही एकाच वेळी घडत असताना दिसणारा ‘78’ हा आकडा शांततेचा आहे की ओढाताणीचा, हे घड्याळाला कळत नाही. त्यात अनेक ज्येष्ठ रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बायसोप्रोलॉल अशा गोळ्या घेतात. या गोळ्या नाडीला लगाम घालतात. ‘220 वजा वय’ या ढोबळ सूत्राने सत्तर वर्षांच्या माणसाची कमाल नाडी 150 येते. पण या गोळ्या चालू असतील, तर 105 वरही शरीर थकव्याच्या टोकाला पोहोचलेले असू शकते आणि घड्याळ मात्र ‘हलका व्यायाम’ म्हणत राहते.

हृदयावर पाण्यात पडणारा भार तर नाडीत दिसतही नाही. आपण मानेपर्यंत पाण्यात शिरलो की पाण्याच्या दाबाने पायांतील व पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक. निरोगी हृदय ते सहज सांभाळते. रक्तदाब ताब्यात नसेल किंवा हृदय अशक्त असेल, तर हे जादा रक्त फुप्फुसांवर येते आणि क्वचित फुप्फुसांत पाणी झिरपू लागते. अशा वेळी धाप, खोकला, छातीत घरघर, फेसकट थुंकी ही लक्षणे दिसतात. पन्नाशीपुढील व उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींना याचा धोका अधिक असतो. उपाय एकच: तत्काळ पाण्याबाहेर, पाठ टेकून बसते करणे, ऑक्सिजन आणि रुग्णालय. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. होडीवर ऑक्सिजनची टाकी आहे काय, हा प्रश्न म्हणूनच निघण्यापूर्वी विचारायचा असतो, आणि तो विचारताना संकोच करायचा नसतो.

घड्याळ जे खरोखर जाणते

इतके वाचून आपण म्हणाल, मग हे घड्याळ काय शोभेचे? तसे नाही. डाइव्ह कॉम्प्युटरचे मूळ काम नाडी किंवा नकाशा नव्हेच. तो पाण्याचा दाब मोजतो, आणि त्यावरून खोली, वेळ व वर येण्याचा वेग सांगतो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. झपाट्याने वर आले तर तो सोड्याच्या बाटलीतील बुडबुड्यांसारखा बाहेर पडतो. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी सहकाऱ्यांसह 1908 मध्ये या प्रश्नावर पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे झ्युरिकच्या अल्बर्ट ब्यूलमन यांनी ते गणित विस्तारले, आणि आजच्या अनेक घड्याळांत तेच गणित चालते.

वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे नऊ मीटरहून अधिक झाला की घड्याळ थरथरून इशारा देते. हा इशारा खरा असतो, त्यावर विश्वास ठेवावा. त्याहून मोठा नियम मात्र आपल्यालाच पाळायचा आहे: टाकीतील हवा घेत असताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. अगदी दोन मीटरवरूनही श्वास रोखून वर येणे फुप्फुसाला इजा करू शकते.

आणि या गणितालाही मर्यादा आहेच. आपले वय, वजन, गोळ्या, काल रात्री झोप लागली की नाही, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. बहुतेक घड्याळांत सावधगिरीची पातळी वाढवण्याची सोय असते. ज्येष्ठांसाठी ती वरच्या पातळीवर ठेवावी.

शिडीपाशी

सहलीतला सर्वांत कष्टाचा क्षण मासे पाहण्याचा नसतो, तो होडीच्या शिडीवर चढण्याचा असतो. पाण्याने इतका वेळ अंग तोलून धरलेले असते. बाहेर येताच तो आधार सुटतो, रक्त पुन्हा पायांकडे धावते, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येऊ शकते. म्हणून टाकी व वजनाचा पट्टा पाण्यातच काढून द्यावा, शिडीवर दोन पायऱ्यांनंतर थांबावे, वर आल्यावर लगेच उभे न राहता बसावे. आता घड्याळ पुन्हा हवेत आले आहे. दहा मिनिटे विश्रांती घेऊनही नाडी खाली येत नसेल, धाप लागत असेल, तर किनाऱ्यावर जाऊन डॉक्टरांना दाखवावे. ‘थकवा आहे, झोपले की बरे वाटेल’ हे वाक्य अशा वेळी घरच्यांनी ऐकून घेऊ नये.

परतीचा घाट

पुष्कळ कुटुंबे सकाळी पाण्यात उतरतात आणि दुपारी जेवून कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. वाटेत आंबोली, फोंडा किंवा करूळचा घाट येतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. विमानप्रवासासाठी पाणबुड्यांना सांगितला जाणारा नियम असा: एकदाच व उथळ उतरला असाल तर किमान 12 तास, एकाहून अधिक वेळा उतरला असाल तर किमान 18 तास थांबा. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनला तेवढेच निमित्त पुरते. ही सूचना साधारण 600 मीटरहून अधिक उंचीला लागू धरतात. म्हणजे आंबोलीचा घाटमाथाही त्या रेषेच्या वरच येतो. काही मीटर खोलीच्या एका फेरीनंतर धोका लहान असतो, हे खरे. पण आपल्याला कोणती गाडी पकडायची आहे? घड्याळावर ‘उड्डाण नको’ अशी वेळ उलटी मोजली जात असते. ती संपेपर्यंत मालवणातच मुक्काम करावा. संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत बसावे किंवा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहावा. सांध्यांत दुखणे, अंगाला मुंग्या, विलक्षण थकवा असे काही जाणवले, तर तेही त्या मुक्कामातच कळते.

कोरड्या पायांनी

डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले, तर? तर मालवण आपल्यासाठी बंद होत नाही, आणि घड्याळ तर पाण्याबाहेरच अधिक उपयोगी पडते. सिंधुदुर्गाच्या पायऱ्या चढताना, मऊ वाळूत चालताना ते नाडी विश्वासाने मोजते. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ते घरी घालून आपली नेहमीची विश्रांतीची नाडी पाहून ठेवली, तर सहलीतील आकड्याला अर्थ येतो. गडावरच्या गर्दीत चुकामूक झाली तर मोबाइलचे जाळे मिळेल तेथे आपली जागा मुलांना दिसते. काही घड्याळे पडल्याचे ओळखून घरच्यांना कळवतात, परंतु त्यासाठी फोन जवळ हवा किंवा घड्याळात सिमची सोय हवी. आपली औषधे, रक्तगट आणि दोन जवळच्यांचे क्रमांक त्यात आधीच भरून ठेवावेत. रात्री ते चार्ज करावे, खारे पाणी लागले असेल तर गोड्या पाण्याने धुवावे. मात्र छातीत दुखू लागले आणि घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणत असेल, तर घड्याळाचे ऐकू नये. हृदयविकाराचा झटका ओळखण्याचे काम ते करीत नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक शब्द. ‘तुम्हाला जमणार नाही’ असे ऐकून ऐकून ज्येष्ठ माणसे आपली दुखणी सांगेनाशी होतात. प्रश्नावलीतील ती कोरी ओळ तेथूनच जन्माला येते. म्हणून नकार घरातून न येता तपासणीतून येऊ द्यावा, आणि होकार आला तर तो मोकळेपणाने द्यावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. समुद्रात जाण्याआधी तलावात सराव करून पाहण्याची पद्धत या क्रीडेत रूढ आहे. तेथे तोंडाने श्वास घेणे जमले, धीर आला, तर पुढचे पाऊल. नाही जमले, तर तलावातूनच परतावे. त्यात कमीपणा नाही.

निवळ पाण्याचे दिवस पावसाळ्यानंतर, थंडीत येतात. त्याआधी डॉक्टरांची भेट घेण्यास आपल्याजवळ पुरेसा अवधी आहे. जाताना गोळ्यांची यादी बरोबर न्यावी आणि घड्याळही हातात असू द्यावे. त्यातील गेल्या महिन्याच्या नोंदी पाहण्यात डॉक्टरांनाही रस असेल.